कोमट

तापमानाचा काटा तिसऱ्यांदा लाल पट्ट्यात शिरला, तेव्हा मेस्त्रींनी वाकून रेडिएटरला जाणारी नळी मुठीत धरली.

"कोमट आहे," ते म्हणाले. "गाडी तापलेलीच नाही. म्हणून तर पंखा फिरत नाही. काटा थापा मारतोय."

गॅरेजात त्यांच्याशिवाय दोघीच होत्या. एक त्यांची मुलगी. ती बारा वर्षं याच पत्र्याखाली बापाच्या बरोबरीने पाना चालवत होती. दुसरी गुरांची डॉक्टर. मोटरसायकल तिची. मागच्या पेटीत बर्फात ठेवलेली लस होती आणि वर डोंगरातल्या वस्तीवर चाळीसेक जनावरं बांधून ठेवलेली होती. मधल्या चढावर इंजिन बसलं तर हाक मारायला एक घर नव्हतं.

"मग काय करू मी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही करू नका. मीटरची वायरच काढून टाकतो. बिनघोर जा."

काल तापमानाचा सेन्सर मुलीनेच बदलला होता. जुना काढून तिने गरम पाण्यात बुडवला, मल्टिमीटर लावून तपासला. तो ठणठणीत निघाला. आता नवाही तेच सांगत होता. दोन सेन्सर मिळून एकच खोटं बोलतात, हे तिच्या पचनी पडत नव्हतं. पण समोर बाबांचा हात होता. मेस्त्री इंजिनवर हात ठेवतात आणि दुखणं सांगतात, असं लोक म्हणायचे, आणि ते काही उगाच म्हणत नव्हते. ती स्वतः त्या हाताकडे बघूनच शिकली होती.

डॉक्टरीणबाईंनी हेल्मेट उचललं.

तेवढ्यात मुलीला वास आला. गोडसर, रेडिएटरमधला कूलंट फार तापला की येतो तो. तिने नळीला दोन बोटं लावली आणि झटक्यात मागे घेतली.

"बाबा, नळी भाजतेय."

"काहीतरीच काय!"

"परत हात लावून बघा."

गिऱ्हाइकासमोर पोरीने शंका काढली, ते मेस्त्रींना लागलं. तरी ते हसले. त्यांनी नळी पुन्हा मुठीत घेतली आणि या खेपेला धरूनच ठेवली. "ही बघ. कुठे भाजतेय? तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून धरतोय मी नळ्या. भाजत असती तर धरवली असती का..."

ते बोलत राहिले. मुलीने त्यांचं मनगट पकडून हात ओढून काढला. तळवा लालभडक झाला होता. मधोमध कातडी पांढरी पडून सुटत होती.

डॉक्टरीणबाईंनीच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

मेस्त्रींनी तळवा उजेडात धरून पाहिला. "दुखत कसं नाही?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं, ते कळलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना स्टुलावर बसवून हात गार पाण्याच्या बादलीत बुडवायला लावला. मुलगी कामाला लागली. दुसरं काय करावं ते तिला सुचेना. तिने पंख्याला थेट बॅटरीवरून वायर दिली. पंखा हलला नाही. पाती बोटाने ढकलून पाहिली, तीही हलेनात. खोलून काढला, तर मोटरच्या दांड्याभोवती डोंगरातला चिखल वाळून घट्ट बसलेला, त्यात गवताच्या काड्या. तिने तो पोखरून काढला, घासला, तेल सोडलं. अर्ध्या तासाने पाती फुंकरीने फिरायला लागली.

"बाबा, पंखा जाम होता," ती मान वर न करता म्हणाली. "सेन्सरचं काहीच नव्हतं."

"म्हणजे तापलेलं इंजिन देऊन मी बाईंना चढावर पाठवत होतो."



मुलीने पंखा बसवला, गाडी सुरू केली आणि काटा चढायची वाट बघत उभी राहिली. डॉक्टरीणबाई मेस्त्रींसमोर खोकं ओढून बसल्या.

"मेस्त्री, चालताना चप्पल निसटते का? निसटलेली कळते?"

"नाही कळत कधीकधी. झिजलीय ना फार."

चप्पल मुलीने गेल्याच महिन्यात आणली होती. ती बाबांच्या पायांकडे बघतच राहिली.

"हे बघा, मी गुरांची डॉक्टर. तुम्ही आजच माणसांच्या डॉक्टरकडे जायचं आणि साखर तपासून घ्यायची. पण एवढं मला बघू द्या. हा नको, दुसरा हात पुढे करा. डोळे मिटा. टोचलं की हं म्हणायचं."

"गुरासारखं खोड्यात घालणार की काय मला?" मेस्त्री म्हणाले. मग त्यांनी शहाण्यासारखे डोळे मिटले आणि डावा हात पुढे केला.

डॉक्टरीणबाईंनी खिशातून पेन काढलं. अंगठ्याच्या टोकाला लावून दाबलं. थांबल्या. मग शेजारच्या बोटाला दाबलं, जरा जास्त. मग त्याच्या शेजारच्या.

मुलीचं मीटरकडे लक्ष राहिलं नाही. काटा वर गेला, पंखा आपोआप सुरू झाला, काटा खाली येऊ लागला. डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. पाचही बोटांच्या टोकांवर निळे ठिपके उमटले होते.

मेस्त्री डोळे घट्ट मिटून, हात तसाच पुढे धरून बसले होते.

"हं, करा ना सुरू," ते म्हणाले.