झाकणावरची तारीख

बाबांनी उभं आयुष्य प्रयोगशाळेत, शिळ्या अन्नातल्या जंतूंमागे घालवलं. त्यांच्या संशोधनातून आलेला नियम घरोघरी फ्रिजवर चिकटवलेला असतो: "शिजवलेलं अन्न तीन दिवसांनी टाकून द्या." त्यामुळे कितीतरी मुलं वाचली, असं डॉक्टर सांगतात. आई मात्र वैतागायची. बाबा डबा घेऊन कचऱ्याकडे निघाले की मागून ओरडायची, "अहो, आजचा दिवस राहू द्या की! माझ्या भाजीत शिरायची काय टाप आहे तुमच्या जंतूंची!" बाबा एकदाही बधले नाहीत. आई गेली त्याला आठवडा झाला. पाहुणे पांगले, तसा मी फ्रिज आवरायला घेतला. मागच्या कोपऱ्यात वाटाण्याच्या भाजीचा डबा होता. झाकणावर आईच्या अक्षरात तारीख. मी डबा कचऱ्यात उपडा करणार, तेवढ्यात बाबांनी तो काढून घेतला. परत फ्रिजमध्ये ठेवताना म्हणाले, "अगं, आजचा दिवस राहू दे की."