नवाची खूण

"नव्याण्णव लाख चव्वेचाळीस," सोसायटीचा सेक्रेटरी सिद्रामप्पानं आकडा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. देवळापुढं बसलेल्या गावानं माना खाली घातल्या.

देवाची कोटी नावं जपून भरली तरच कळस चढवायचा, असं दसऱ्याला ठरलं होतं. बहात्तरचा दुष्काळ. दिवसभर खडी फोडून माणसं घरी यायची आणि माळ घेऊन बसायची. घरोघरी जपलेल्या नावांचा आकडा वहीत चढायचा. मुदत गुढीपाडव्याच्या सूर्योदयाची. ती टळून आता ऊन पायरीवर आलं होतं. लाल फडक्यात गुंडाळलेला कळस मांडवात तसाच पडून होता.

सरुबाई मांडवाच्या खांबाशी बसली होती. हा संकल्प तिनंच गावाला घ्यायला लावला होता. आणि दिवाळीत लकवा मारला, तिचीच जीभ जड झाली. गेल्या आठवड्यात कुठं शब्द फुटू लागला. आठ दिवसांत तिची माळ झाली एक. काल सिद्रामप्पा हसून म्हणालाही होता, "काकू, एका माळंनं काय होतंय? ऱ्हाऊ द्या की." तिनं वहीवर बोट ठेवलं होतं. "लिवा."

"चला, देवाची इच्छा," म्हणत वीणेकरी आबाराव उठले.

सरुबाई खांबाला धरून उभी राहिली. तेर गावच्या बुवांचं कीर्तन तिच्या कानात वाजत होतं. मृदंगाच्या ठेक्यावर बुवांनी गाऊन सांगितलं होतं: माळ एकशे आठाची, एक नि आठ नऊ. किती का माळा ओढा, आकड्यातले अंक मिळवत जा, शेवटी नऊच उरणार.

"आप्पा," ती अडखळत म्हणाली, "येकेक अंक... वाचा."

"नऊ, नऊ, तीन शून्यं, चार, चार."

तिनं बोटांवर मोजलं. "सव्वीस. दोन नि सहा... आठ." तिनं मान हलवली. "समद्यांच्या पुऱ्या माळा हायेत. नऊच याया पायजेत. एक कुठं ठिवला, आप्पा?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. सिद्रामप्पा हसला नाही. तो पुन्हा उजवीकडून बेरजेला बसला. लाखाच्या घरापाशी त्याची पेन्सिल थांबली.

"अगागा! हातचे तीन व्हते. म्या दोनच धरले! एक कोटी चव्वेचाळीस!"

एक, चार, चार. नऊ! टाळ कडाडले. आबारावांनी वीणा छातीशी धरून नाचायलाच सुरुवात केली. हातोहात कळस वर गेला, आणि शिखरावर बसला तेव्हा गजरानं पाखरं उडाली.

त्या गर्दीतून वाट काढत सिद्रामप्पा सरुबाईपाशी आला. वही तशीच उघडी, डोळे भरलेले.

"काकू, चव्वेचाळीसच नावं वर हायेत. अन् तुमची माळ एकशे आठाची. काल ती लिवली नसती, तर कोटीला चौसष्ट कमी पडली असती."