पडद्याआडची मुलतानी

पडद्यामागे आधी कोण गाणार, हे सांगलीच्या विभागाचे प्रमुख दादासो सरांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि उमाबाईंना कळू दिलं नाही. नियमच तसा होता.

सातारा आणि सांगलीच्या दोन संगीत विभागांनी मिळून हिवाळाभर मैफली करायच्या, एक इथं, एक तिथं, आणि फेब्रुवारीतल्या शेवटच्या मैफलीला प्रत्येक विभागाच्या एकाच विद्यार्थ्याने गायचं. तो कोण, हे दुसऱ्या गावच्या शिक्षकाने ठरवायचं. मध्ये जाड पडदा. उच्चारावरून ओळख पटू नये म्हणून गाणाऱ्याने शब्द म्हणायचे नाहीत, पाव तास नुसत्या 'आ'कारात राग गायचा. चौऱ्याण्णव साली सांगलीची निवड करायला साताऱ्याहून उमाबाई आल्या, आणि आल्यावर त्यांना कळलं की शेवटी उरलेल्या दोघींत एक त्यांचीच मुलगी मयूरी आहे.

मयूरीला त्यांनी मुद्दामच सांगलीला मावशीकडे ठेवलं होतं. आईच्या हाताखाली शिकली असती तर तिच्या एकेका मार्कावर साताऱ्यात चर्चा झाली असती. लोकांच्या तोंडाला उमाबाई फार भीत. पोरगी सुट्टीत घरी यायची, पण आईसमोर गायला बसायची नाही. घसा बसलाय म्हणायची. दोन वर्षं त्यांनी लेकीचा सूर ऐकला नव्हता आणि ते त्यांना फार लागलं होतं.

मला यातून मोकळं करा, असं त्यांनी दादासो सरांना सांगून पाहिलं. सर हसले. मग पडदा कशाला टांगलाय, म्हणाले.

दुसरी मुलगी मदिहा, मिरजेच्या इलाहींची. इलाही तंबोरे बनवायचे. दर दोन-तीन महिन्यांनी एस.टी.ने साताऱ्याला येऊन विभागाचे तंबोरे बघायचे आणि मग उमाबाईंच्या घरी त्यांच्या तंबोऱ्याची जवारी लावायचे. तारेचा नाद गळ्याला मिळतोय का, हे बाई गायल्याशिवाय त्यांना कळत नसे, त्यामुळे तास-तास गायला लावायचे. लहानपणी मदिहाही बरोबर यायची, गाणं चालू असताना बापाची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसायची आणि डोळे मिटून घ्यायची. पोर कंटाळून पेंगतेय, असं उमाबाईंना वाटायचं. जाताना तिच्या हातावर लाडू ठेवायच्या. मोठेपणी ती गायला लागली हे त्यांनी ऐकलं होतं, तिचं गाणं मात्र कधी ऐकलं नव्हतं.

गेल्या खेपेला तार जुळवता जुळवता इलाही म्हणाले होते, "आवं बाई, शेवटची मैफल जो करतो त्याला सर जूनपासनं शिकवायच्या नोकरीला घेत्यात. पोरीला ती मिळाली तर बरं. न्हाई तर उन्हाळ्यात कडेगावला लगीन. तिथं उसाच्या रानात कुठलं आलंय गाणं? मी शब्द देऊन बसलोय."



दुपारचे तीन वाजले होते. एक नंबरची मुलतानी, दुपारचा राग, सुरू झाली. पहिली पाच मिनिटं उमाबाई परीक्षकासारख्या ऐकत होत्या. मग सूर वर चढत निषादापाशी आला, तिथं रेंगाळला आणि षड्जाला न भेटताच खाली परतला. ती जागा त्यांची स्वतःची होती. मुलं नुसती नक्कल करत बसतात म्हणून वर्गात त्यांनी ती कधी शिकवली नव्हती. ती यायची फक्त घरी गाताना.

त्यांचे डोळे भरून आले. घसा बसल्याचं सांगून पोरीने दोन वर्षं हे लपवून ठेवलं होतं तर. आपल्यामागे आपलं गाणं राहणार, या आनंदाने त्यांना बसल्या जागी हुंदका आला. तो त्यांनी पदरात दाबला.

दोन नंबर सुरू झाला तेव्हा त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांनी तो नीट ऐकलाच नाही. गळा स्वच्छ होता, ताना सफाईच्या होत्या, थोडी घाई होती. वाईट नाही, असं त्या मनाशी म्हणाल्या. मग इलाही आठवले, कडेगाव आठवलं. साताऱ्यातले लोकही आठवले. आईने लेकीला पुढे काढलं, हे वाक्य त्यांना आत्ताच ऐकू यायला लागलं. मयूरीला आई आहे, घर आहे, पुढच्या वर्षीही मैफल आहे. त्या दुसरीला या वर्षीनंतर काहीच नाही.

त्यांनी कागदावर 'दोन' लिहिलं आणि घडी करून सरांच्या हातात दिला.

सरांनी आकडा मोठ्याने वाचला. पडद्यामागून कुणीतरी धावत व्हरांड्यात गेलं. सर फळ्यावर नाव लिहायला त्यांच्या खोलीत गेले. आत तंबोऱ्याची एक तार अजून कुणीतरी छेडत होतं, अगदी हळू.

उमाबाई पडद्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पडदा सारायचा त्यांना धीर होईना. लेकीचं तोंड बघितलं असतं तर त्या कोलमडल्या असत्या.

"रडू नकोस, मयू," त्या म्हणाल्या. "तुझंच गाणं सरस होतं. फार सरस होतं. आता लिहिलेलं मला फिरवता येणार नाही. पण इतकं माझं गाणं माझ्यानंतर कुणी गाईल, असं मला वाटलं नव्हतं. माझ्यावर रागावू नकोस."

तार थांबली.

"बाई, मी मदिहा," मग आतून आवाज आला. "मयूरी बाहेर गेली. दोन नंबर तिचाच होता."