अकरावा भाग

मालिकेचा संकलक पायरीवर घुटमळला आणि मग दुकानात शिरला. कानसेन एका श्रवणयंत्रातला मळ बारीक ब्रशने काढत बसला होता. दोघांनी मिळून केलेल्या त्या मालिकेच्या सेटवर तो ध्वनिमुद्रक होता, तेव्हा त्याला हे नाव पडलं. आता तो कानाची यंत्रं विकत होता. त्याने मान वर केली, ओळखलं, आणि पुन्हा खाली घातली.

"बस," तो म्हणाला. समोरच्या खुर्चीवर खोकी रचलेली होती. ती त्याने उचलली नाहीत.

संकलकाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मालिकेचे चाळीसही भाग त्याने ॲपवर रीतसर विकत घेतले होते. आज सकाळी उघडायला गेला तर मालिकेचा मागमूस नाही. फोनवरच्या मुलीने चार वेळा माफी मागितली आणि शांतपणे समजावलं, की सरांनी मालिका नव्हे, ती बघायची परवानगी घेतली होती आणि ती आता संपली. निर्मात्याने तर फोनच उचलला नाही. उद्या एका दिग्दर्शिकेला अकराव्या भागातला कोर्टाचा प्रसंग दाखवायचा होता. गेल्या आठ महिन्यांत काम घेऊन आलेली ती पहिलीच.

"कापली मी, जोडली मी, विकत घेतली मी. आणि माझ्याकडे दाखवायला काही नाही." त्याचा आवाज चढला, तो त्याने आवरला. "तुझ्याकडे असेल म्हणून आलो."

"होती," कानसेन म्हणाला. "सगळी होती. त्या डिस्कवर."

संकलकाची नजर काउंटरच्या काचेवर गेली. कानसेनने मालिकेची डिस्क घरी नेल्याची गोष्ट सहा वर्षांपूर्वी निर्मात्याच्या कानावर त्यानेच घातली होती. नियम म्हणजे नियम, असं तेव्हा तो चारचौघांत म्हणाला होता. डिस्क दोघांच्या देखत कोरी झाली आणि कानसेनचं काम गेलं.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

 कानसेनने हातातलं यंत्र डबीत ठेवून झाकण लावलं. मग उठून खुर्चीवरची खोकी खाली ठेवली.

"चित्र नाही माझ्याकडे. नुसता आवाज आहे, फोनमध्ये. अकराव्या भागाचाच. तो पुसायचं तेव्हा निर्मात्याला सुचलं नाही." त्याने हेडफोन पुढे केला. "गिऱ्हाइकाला यंत्र बसवलं की हेच ऐकवतो. ती साक्षीदार बाई पुटपुटते ना, ती ऐकू आली की समजायचं, यंत्र बरोबर बसलं."

नुसत्या आवाजाचा उद्या काडीचाही उपयोग नव्हता. तरी संकलक बसला. हेडफोन कानाला लावून त्याने डोळे मिटले.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वकिलाने घसा साफ केला. संकलकाने काउंटरवर बोट आपटलं: इथे कट. बाई बोलू लागली. पुन्हा बोट: कट, तिचे हात. कट, न्यायाधीश. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला. कानसेन बोटाकडे पाहत राहिला.

मग बाई बोलता बोलता थांबली. कोर्टात लांबलचक शांतता पसरली.

संकलकाचं बोट वर उचललेलं होतं. ते तसंच राहिलं. इथे त्याने काय दाखवलं होतं, ते त्याला आठवेना.