साधीच असेल ट्यूब

"आ करा," मी म्हटलं, तर यांनी ओठ घट्ट मिटले.

"आयुष्यभर गांजाची शेतं जाळली मी. आता तोच हिरड्यांना चोळू?"

"अहो हवालदारसाहेब, गांजा नाही, त्या झाडातलं औषध आहे. नशा चढत नाही, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. शिवाय चाचणी आहे ही, निम्म्यांना नुसतं साधं जेल दिलंय. तुमचीही साधीच असेल ट्यूब."

तेव्हा कुठे तोंड उघडलं. मग रोज हेच.

हिरड्यांतलं रक्त थांबलं, सूज उतरली, आणि हे जास्तच बेचैन. जेवताना उठायचे, आरशात दात बघायचे, पुन्हा येऊन बसायचे. खूश व्हायचं सोडून हे काय नवीन!

आज डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "झकास, काका! आता खुशाल भाकरी खा."

"माझी ट्यूब साधीच होती ना?"

"ते चाचणी संपल्यावरच कळेल. मलाही ठाऊक नाही."

घरी मी कडक भाकरी वाढली. यांनी एक घास चावला आणि थांबले.

"दुखलं?"

"नाही. पाड्यावर एक म्हातारा होता. दारात दोन झाडं. म्हणाला, 'हिरड्यांना लावतो, साहेब.' मी हसलो. झाडं उपटली आणि त्याला आत टाकलं."

मी ताक पुढे सरकवलं. "साधीच असेल हो ट्यूब."

रोज या वाक्यावर उघडणारं तोंड आज मिटलेलंच राहिलं. घास तसाच गालात होता.