तान्ह्याची घोंगडी

हवालदार हैबती सुट्टीवर वेल्ह्याला आला आणि ट्रंकेतून तान्ह्या बाळाची घोंगडी काढून त्यानं बापासमोर ठेवली. परदेशातल्या लढाईत बेघर झालेल्यांच्या छावणीत उघड्यावर जन्मलेल्या बाळाचा फोटो पेपरात पाहून गेल्या सुट्टीत आबांनीच ती करवून दिली होती, कोकरांच्या मऊ लोकरीची.

"दिली न्हाईस?"

"गेलोच न्हाई, आबा. छावणी राखायला आमची पलटण धरून आठ देशांची फौज जायची व्हती, पर कुणाचा सायब वरचा, ते वरीसभर ठरंना. आता कुठं हुकूम आलाय."

"मेंढरांत लांडगा शिरल्यावर आमी बैठक भरवतो व्हय रं?"

आबांनी ती घोंगडी भिरकावली आणि स्वतःची मोठी घोंगडी ट्रंकेत कोंबली.

"ही ने. जगलं असलं, तर चालाय लागलं असंल ते."