पिवळी तार

नवरा गेल्यावर त्याचे मित्र आपल्या वहिनीला म्हणाले, "बौदी, त्याचा हॅम रेडिओ आम्ही नेऊ का? तुम्हाला काय उपयोग?" चंदननगरच्या रेबाने तो दिला नाही; म्हणाली, "पॉवर सप्लाय जळालाय, तरी राहू दे. तुमच्या गप्पा ऐकत जाईन." परवाना नसल्याने तिला त्यावरून इतरांशी बोलता येत नव्हतं. पण दर रविवारी सकाळी एका छोट्या रेडिओवर ती त्या मित्रांच्या गप्पा ऐकत बसे. आठवड्यातून घरात तेवढाच काय तो माणसांचा आवाज.

त्यांच्यातले बिभासबाबू कुणा नवशिक्याला शिकवत, "जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय काढ. हिरवी तार काळीला जोडली की तो सुरू होतो. पिवळीतून बारा व्होल्ट मिळतात, त्यावर रेडिओ चालव. आणि परीक्षा दे बरं!"

रेबाने ऐकत ऐकत सगळं केलं. परवाना हाती आला, त्या रविवारी तिने पहिल्यांदा बटण दाबलं. "बिभासबाबू, तुमचा तो नवशिका कुठाय? त्याचा आवाज कधी ऐकलाच नाही मी."




"बौदी, तो आज पहिल्यांदाच बोलला."